अर्धा सूर खाली

माझी धाकटी जाऊ वाईट बाई नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी तिच्याबद्दल जे बोलणार आहे त्यावरून तसं वाटेल. ती कधी उलटून बोलत नाही, कुणाचं आजारपण असलं की सगळ्यांत आधी हजर होते, आणि माझा वाढदिवस माझ्या नवऱ्याच्या आधी तिला आठवतो. तिच्यात खोट काढायची म्हटलं तर सापडत नाही. मला तिची हीच गोष्ट सर्वांत जास्त खुपते.

माझे दीर बाथरूमच्या फरशा विकतात आणि दुकान जोरात चालतं. आमचे हे लिफ्ट दुरुस्त करतात. माझं कपडे दुरुस्तीचं दुकान आहे, एका बाजूला फोटो स्टुडिओ, दुसऱ्या बाजूला किल्ल्या बनवणारा. लोक कपडे भलतीकडे विकत घेतात आणि ते अंगाला बसले नाहीत की माझ्याकडे येतात. पँट आखूड कर, कमरेत सैल कर, चेन बदल. गळ्यात टेप आणि तोंडात टाचण्या, त्यामुळे दिवसभर फार बोलता येत नाही. मनात मात्र भरपूर बोलते.

तर धाकटीच्या घरी पियानो आहे. काळा आणि इतका चकचकीत, की त्यात स्वतःचं तोंड दिसतं. तिचा मुलगा पाच वर्षांचा असल्यापासून वाजवतो. त्याला सगळे बाळ म्हणतात, मी मनात बाळराजे म्हणते. चार माणसं जमली की बाळराजेंना बसवायचं, मग त्यांनी वाजवायचं आणि आपण श्वास रोखून ऐकायचं. संपलं की मी टाळ्या वाजवायचे. टाळ्या वाजवताना दात दिसत असले की माणूस हसतोय असंच वाटतं लोकांना.

माझ्या लेकीला, चिऊला, पंधरावं लागेपर्यंत कशाची म्हणून आवड नव्हती. चित्रकला झाली, पोहणं झालं, सगळं महिनाभरात बारगळलं. मग एका रविवारी आम्ही धाकटीकडे जेवायला गेलो असताना मोठी माणसं गप्पा मारत बसली, आणि बाळने चिऊला एका हाताने वाजवायची एक छोटी धून शिकवली. घरी आल्यावर पोरीची बोटं थांबेनात. टेबलावर, खिडकीच्या कठड्यावर, माझ्या इस्त्रीच्या फळीवर तीच धून. दोन दिवसांनी म्हणाली, तिला पियानो शिकायचाय. आईने अशा वेळी लेकीचा विचार करायचा असतो. माझ्या मनात पहिला विचार आला तो असा: चला, आता बघूच.

बाळला शिकवणाऱ्या पियानोच्या बाई एकट्या राहायच्या आणि घरीच शिकवायच्या. त्यांनी चिऊची बोटं उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाल्या, मोठी कलाकार व्हायला उशीर झालाय, वाजवायला झालेला नाही. नवशिक्यांच्या वर्गात बसवलं. त्या वर्गातल्या निम्म्या पोरांचे दुधाचे दात पडायचे होते. माझी घोडी त्यांच्यात बसली की गुडघे पियानोला आपटायचे. एकदा एका चिमुरडीने तिला सांगितलं, "ताई, बोट असं वाकवायचं, अंडं धरल्यासारखं." चिऊने निमूट वाकवलं. लाज मला वाटली. तिला नाही वाटली.

पण सराव कशावर करायचा? धाकटी आपणहून दुकानात आली आणि घराची किल्लीच माझ्या हातात ठेवली. बाळ दुपारभर शाळेत असतो, पियानो रिकामाच पडून असतो, चिऊची शाळा लवकर सुटते तर येत जाऊ दे, म्हणाली. नाही म्हणायला कारण सापडेना. मी तिला चहा पाजला.

त्या दिवसापासून आमच्या घरात काकू शिरली. काकूने पाठीशी उशी दिली. काकू म्हणते खांदे सैल सोड. काकू म्हणते, तुझी बोटं लांब आहेत. अगं, बोटं लांब आहेत ती माझ्यासारखी, ते नाही सांगितलं काकूने? एक दिवस पोरगी घरी आली ती केस घट्ट वर बांधून. डोळ्यांवर येत होते म्हणून काकूने विंचरून दिले, म्हणाली. दहा वर्षांची झाल्यापासून माझ्या हातात या मुलीने कंगवा दिलेला नाही. त्या संध्याकाळी मी एका गिऱ्हाइकाच्या पँटचा उजवा पाय आखूड केला आणि डावा तसाच ठेवला.

दुसऱ्या दिवशी मी घरात जाहीर केलं, की पियानो आपल्याकडे येणार. ह्यांनी वर्तमानपत्र खाली करून माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा वर घेतलं. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर माणसाला कळतं, कुठे बोलायचं नाही ते.

बाईंचा सल्ला सरळ होता. वापरलेला डिजिटल घ्या, चांगल्या जड पट्ट्यांचा. जुळवावा लागत नाही, जागा कमी लागते, हेडफोन लावले की शेजारी भांडत नाहीत. चिऊ म्हणाली, तेवढा पुष्कळ झाला. मी म्हटलं, मुळीच नाही, वायर खुपसल्यावर वाजतं ते वाद्य नव्हे, मिक्सर. हे मी बाईंसमोर बोलले. खरं कारण पोटात ठेवलं. ते प्लास्टिकचं फळकुट आमच्या खोलीत पाहून धाकटी मऊ आवाजात म्हणाली असती, "छान आहे हं, ताई." तो मऊ आवाज मला ऐकायचा नव्हता.

मग मी लाकडाचा, तारांचा, खराखुरा पियानो शोधायला लागले. एक पाहिला तर त्यात उंदरांचा संसार. एक चक्क फुकट होता, पण मालकीणबाईंची अट अशी, की दर रविवारी त्या येऊन त्याला पाहणार आणि ऐकणार. म्हणजे पियानोबरोबर एक सासू जास्तीची. एक चांगला होता, पण त्याची किंमत ऐकून ह्यांनी माझा दंड धरला आणि मला बाहेर आणलं.

शेवटी तो मिळाला माझ्याच धंद्यातून. एका जुन्या हॉटेलच्या वेटरांचे गणवेश माझ्याकडे येतात. तिथले मॅनेजर एकदा सहज बोलून गेले, की जेवणाचा हॉल नवा करतायत आणि पियानो अडचण करतोय. मी सुई तशीच खोचून उठले. हॉलच्या कोपऱ्यात पांढऱ्या चादरीखाली तो उभा होता. तपकिरी, वेलबुट्टी कोरलेला, दोन्ही अंगांना मेणबत्त्यांसाठी पितळी हात. टेप गळ्यातच होती. धाकटीच्यापेक्षा चांगला चार बोटं उंच भरला. वाजवून बघायचं मला सुचलंच नाही. सौदा असा ठरला, की नव्या हॉलसाठी सगळ्या नोकरांचे नवे गणवेश मी अंगाबरोबर करून द्यायचे. त्या उन्हाळ्यात मी इतके खांदे आणि इतक्या कमरा आत घेतल्या, की हॉटेलचा अख्खा नोकरवर्ग मला पाठमोरा ओळखता यायचा.

पियानो लिफ्टमध्ये मावला नाही. जन्मभर लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या माणसाच्या घरी पियानो जिन्याने आला. प्रत्येक मजल्यावर शेजारी दारात उभे, आणि मी सगळ्यांत पुढे.

सूर जुळवणारा आला तेव्हा चिऊ शाळेत होती. उंच, किडकिडीत माणूस. त्याने खालची फळी काढली, आत बॅटरी मारली आणि दुखऱ्या दाताकडे बघावं तसं बराच वेळ बघितलं. मग म्हणाला, तारा ज्या खुंट्यांना गुंडाळल्यात त्या सैल आहेत, तारा जुन्या आहेत. पूर्ण ताण दिला तर तुटतील. सगळेच्या सगळे सूर अर्धा सूर खाली जुळवून देतो. तेवढ्यावर टिकेल. एकटा वाजवला तर गोड वाजेल, फक्त दुसऱ्या वाद्याशी जमणार नाही.

मला हे लगेच पटलं, कारण हे तर माझंच काम. कपडा एकाच ठिकाणी आत घेतला तर तिरका दिसतो. सगळीकडून सारखा आत घेतला, की कुणाला कळत नाही. मी त्याला विचारलं, ऐकणाऱ्याला समजेल का? तो म्हणाला, लाखात एखाद्याचे कान तसे असतात. मी निश्चिंत झाले. लाखातला तो एखादा आमच्याच घराण्यात आहे हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं. चिऊला सांगायचंही मला सुचलं नाही. पँटच्या आत किती कापड दुमडलंय, हे मी गिऱ्हाइकाला कधी सांगत नाही.

त्यानंतरचे महिने सुखाचे गेले. धाकटीची किल्ली मी स्वतः जाऊन परत दिली, तिची आता गरज नाही असं दोनदा सांगितलं. संध्याकाळी मी घरी कपडे आणून तुरपाई करत बसायचे आणि चिऊ वाजवायची. आधी एकेक बोट, मग दोन्ही हात, मग काहीतरी जे ऐकून हात थांबावा. मला त्यातलं काही कळत नाही. पण ती चुकली की जीभ बाहेर काढून पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची, ते मला माझ्या खुर्चीतून दिसायचं. मी खिडक्या उघड्या ठेवायचे. काकूचं नाव घरात कमी झालं. चिऊ एकदा म्हणाली, बाईंचा पियानो जरा चढा वाटतो, आपला कसा मऊ आहे. मी म्हटलं, आपला आहेच मऊ.

वर्षाच्या शेवटी बाईंच्या शिष्यांचा कार्यक्रम असतो. त्यात एका पियानोवर दोघांनी, चार हातांनी वाजवायची एक रचना असते. बाईंनी त्यासाठी बाळला आणि चिऊला निवडलं. बाळला दुसऱ्याचं ऐकून वाजवायची सवय लागावी, आणि चिऊची लय पक्की आहे, असं त्या म्हणाल्या. त्यातलं मी दुसरं वाक्य तेवढं ऐकलं. लगेच धाकटीला फोन लावला आणि सांगितलं, सराव आमच्याकडे होईल.

मायलेक आले. मी मेणबत्त्यांचे पितळी हात सकाळीच घासून ठेवले होते. धाकटी म्हणाली, किती सुंदर आहे हो, ताई. आवाज मऊ नव्हता, खरा होता. माझं अर्धं काम तिथेच झालं.

बाळ बसला. चिऊ त्याच्या डाव्या हाताला बसली. त्याने सुरुवात केली आणि थांबला. हात वर घेऊन बोटांकडे पाहिलं. पुन्हा सुरू केलं, पुन्हा अडला. चिऊ आपली खालच्या सुरांवर संथ, एका लयीत चालली होती आणि तो ठेचकाळत होता. पाच वर्षांचा असल्यापासून वाजवणारा मुलगा, एक ओळ त्याला पुरी करता येईना. कपाळावर घाम आला. धाकटी सोफ्याच्या टोकाला सरकून बसली, तिचे ओठ त्याच्याबरोबर हलायला लागले. तिचा चेहरा असा उतरलेला मी आयुष्यात पाहिला नव्हता. मला काय वाटलं ते लपवत नाही: उकाड्यात गार पाण्याने तोंड धुतल्यावर वाटतं तसं वाटलं.

मग मी म्हटलं, "राहू दे रे बाळ. सवय नसेल ना तुला मोठ्या पियानोची."

तो उठला. "मोठी काकू, हा पियानो..." एवढं बोलून त्याने चिऊकडे पाहिलं. डोकं दुखतंय म्हणाला. दोघं गेली. धाकटी जिन्यात त्याला काहीतरी विचारत होती, हे मी दार बंद न करता ऐकलं.

मी आत आले तर चिऊ पियानोसमोर तशीच बसलेली. मी म्हटलं, पाहिलंस ना? तुझा एक सूर चुकला नाही.

ती म्हणाली, "आई, तो चुकत नव्हता. पियानो खाली आहे. त्याचं बोट एक सूर दाबतं आणि त्याला भलताच ऐकू येतो. बसल्या बसल्या माझ्या कानात सांगितलं त्याने. तुला सांगू नको म्हणाला, तुला वाईट वाटेल म्हणून."

मी सांगितलं, की जुळवणाऱ्याने मुद्दामच तसं केलंय, आणि गोड वाजतोय ना, मग झालं.

"तुला माहीत होतं?" तिने विचारलं. मग म्हणाली, "मला माहीत नव्हतं. मी इतके महिने यावर वाजवतेय आणि मला ऐकूच आलं नाही. त्याला पहिल्या सुराला ऐकू आलं." ती रडत नव्हती. रडली असती तर मला सोपं गेलं असतं. "मी त्याच्यावर किती जळते, तुला कल्पना नाही. मी कितीही वाजवलं ना, तरी ते कान मला येणार नाहीत. ते लहानपणीच यावे लागतात."

मी तिच्याकडे बघत राहिले. नाक ह्यांचं, उंची सासूबाईंची, आणि आतली ही आग थेट माझी. क्षणभर मला अभिमानच वाटला. मी म्हटलं, मग नको वाजवू त्याच्याबरोबर. बाईंना सांगू, एकटी वाजवते म्हणून.

"पण मला त्याच्याचबरोबर वाजवायचंय," चिऊ म्हणाली. "जळते म्हणूनच. त्याच्या शेजारी बसलं की मला जास्त चांगलं वाजवता येतं. उद्यापासून मी काकूकडे जाईन सरावाला."

हे मला कळलं नाही. मी धाकटीवर इतकी वर्षं जळते आहे, पण तिच्या शेजारी बसावं असं मला एकदाही वाटलं नाही. कळलं ते एवढंच, की उद्यापासून पुन्हा उशी, पुन्हा कंगवा, आणि या वेळी मला बोलायला तोंड नाही.

दुसऱ्या दिवशी दुकानात बसून विचार केला. दोन रस्ते होते. पियानो ठेवायचा आणि पोरगी धाडायची, किंवा पोरगी ठेवायची आणि पियानो धाडायचा. शेजारच्या फोटो स्टुडिओवाल्याला ते पितळी हात मी फोटो दाखवला तेव्हापासून आवडले होते. त्याच्याकडे नवरा-नवरी, बाळंतीण, पास झालेली पोरं, सगळी कशाला तरी टेकून उभी राहतात. त्याला पियानो वाजवायचा नव्हता, गिऱ्हाइकांना त्याच्याजवळ उभं करायचं होतं. आणि सूर अर्धा खाली असला तर फोटोत येत नाही. त्याने जे पैसे दिले त्यात बाईंच्या एका जुन्या विद्यार्थ्याचा डिजिटल पियानो आला, चांगल्या जड पट्ट्यांचा. या वेळी मी चिऊला वाजवून बघायला लावला आणि बाळला फोनवर ऐकवला. तो म्हणाला, बरोबर आहे. मोठा पियानो जिन्यावरून उतरताना मी खिडकीशी गेले नाही.

धाकटी बाळला घेऊन आली. मेणबत्त्यांचा पियानो होता तिथे आता चार पायांवर ते फळकुट. तिने पाहिलं आणि म्हणाली, "छान आहे हं, ताई." त्याच मऊ आवाजात. मी चहाचं आधण ठेवलं.

बाळ बसला, चिऊ बसली. खालच्या मजल्यावर कुणी आजारी होतं, म्हणून चिऊने हेडफोन काढले. त्या यंत्राला हेडफोनची भोकं दोन. एक तिने लावला, एक त्याने. तिने मान हलवून खूण केली आणि दोघं सुरू झाली.

खोलीत नुसता टपटप आवाज. बोटं पट्ट्यांवर पडतायत, पाय पेडल दाबतायत, दोघांच्या माना एका लयीत हलतायत आणि सूर एकही नाही. मी चहा घेऊन सोफ्यावर धाकटीशेजारी बसले, बसायला दुसरी जागाच नव्हती. ती पुढे वाकून बघत होती. मीही वाकले. बाळ कुठेतरी अडला असावा, कारण चिऊ थांबली, तिने त्याच्या मनगटाला कोपराने ढोसलं, आणि दोघं फिदीफिदी हसली. मग पुन्हा टपटप.

"घरी तो वाजवतो ना," धाकटी हळूच म्हणाली, "तेव्हा मी आतून सांगते, कुठे चुकला ते. त्याला आवडत नाही. पण मला राहवत नाही. इथे यायला मात्र दोन दिवस माझ्या मागे लागला होता." तिने कप उचलला आणि न पिताच खाली ठेवला. "आत्ता का हसली हो ती दोघं?"

मी म्हटलं, मला काय ठाऊक.

चिऊने डोळे मिटले होते. तिची लांब बोटं खालच्या सुरांवर मोठमोठाली पावलं टाकत चालली होती, आणि बाळ तिच्याकडे बघून आपला वेग कमी करत होता. ती काय वाजवत होती, कसं वाजवत होती, चांगलं की वाईट, माझ्याच घरात, माझ्यापासून हातभर अंतरावर, मला काही कळायला मार्ग नव्हता. त्या पोरावर मी आयुष्यात इतकी जळले नव्हते. ते सगळं त्याच्या कानात जात होतं.

धाकटी माझ्याकडे सरकली. आमचे खांदे लागले.

"ताई, तुम्हाला काही ऐकू येतंय?"

"नाही," मी म्हटलं. "तुला?"

"मलाही नाही."

हे ऐकून मला जे बरं वाटलं, ते कुणाला सांगण्यासारखं नाही. मी बिस्किटांची बशी तिच्यापुढे केली, तिने एक उचललं, आणि आम्ही दोघी बसून राहिलो.